अर्धा किलोमीटर रुंद रस्ता

प्राथमिक शाळेत आपण मुलांच्या हाती ज्या गोष्टी देतो, त्यांतली सगळ्यांत अजब कोणती, असं कुणी विचारलं तर मी जिल्ह्याचा नकाशा म्हणेन. आठ वर्षांचं पोर. त्यानं फार तर तालुक्याचा बाजार पाहिलेला, एखादी जत्रा, मामाचं गाव. अख्खा जिल्हा त्यानं पाहिलेला नाही, त्याच्या बाईंनी पाहिलेला नाही, जिल्हाधिकाऱ्यांनीही एका नजरेत पाहिलेला नाही. जिथून तो दिसेल तिथे जाऊन उभं राहायची सोय नाही. तरी त्या पोरानं कागदावरची एक वेडीवाकडी आकृती बघून म्हणायचं की हा माझा जिल्हा. आणि नवल म्हणजे वर्षाच्या शेवटी बरीच मुलं ते समजून म्हणतातही.

महाराष्ट्रात तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यागणिक वेगळं काढायची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. सोलापूरच्या मुलाला भीमा आणि उजनी, रत्नागिरीच्या मुलाला खाड्या आणि बंदरं. १९६७ साली बालभारती उभी राहिली, तेव्हापासून या राज्यात एकाच पुस्तकाच्या लाखो प्रती छापण्याची सवय आहे. त्यात एकाच इयत्तेच्या एका पुस्तकाच्या इतक्या वेगवेगळ्या आवृत्त्या काढणं हा मोठाच उपद्व्याप. तो कुणीतरी मुद्दाम अंगावर घेतला, कारण लहान मुलाला जग शिकवायचं तर सुरुवात पायाखालच्या जमिनीपासून करावी, हे सगळ्यांना पटलेलं होतं. अडचण एवढीच की पायाखालची जमीन आणि जिल्ह्याचा नकाशा यांच्यात केवढं अंतर आहे, हे मोठ्या माणसांना दिसत नाही. आपण ते कधी ओलांडलं, हेच आपण विसरलेलो असतो.

जरा हिशेब करून बघा. पुस्तकाच्या पानावर जिल्हा बसवायचा तर साधारण एका सेंटिमीटरात दहा किलोमीटर कोंबावे लागतात. म्हणजे दहा लाखांस एक. आठ मीटर लांबीचा वर्ग या नकाशावर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाहूनही लहान होईल. बाईंनी पेन्सिल टेकवून ‘ही आपली शाळा’ म्हणून टिंब दिलं, तर अर्ध्या मिलिमीटरचं ते टिंब जमिनीवर पाचशे मीटर भरेल. शाळा, देऊळ, पार, पाण्याची टाकी, बहुतेक सगळं गावठाण त्या टिंबाच्या पोटात. आणि राज्य महामार्ग म्हणून जी बारीक लाल रेघ छापलेली असते, ती अर्धा मिलिमीटर जाड असेल तर तो रस्ता अर्धा किलोमीटर रुंद झाला!

हा आक्षेप मुलांनी आधीच घेऊन ठेवला आहे, फक्त उलट्या बाजूनं. लिन लिबेन आणि रॉजर डाउन्स या अमेरिकी संशोधकांनी लहान मुलांना नकाशे दाखवून हे काय, ते काय असं विचारलं. काही मुलं म्हणाली, नकाशात रस्ता लाल आहे, तर खरा रस्ताही लालच असणार. काहींनी रस्त्याची रेघ रस्ता म्हणून मानायलाच नकार दिला, कारण एवढ्याशा रेघेवर दोन गाड्या कशा मावतील? वाचताना हसू येतं. पण तर्कात खोट काढून दाखवा. नकाशातलं निळं जर पाणी, हिरवं जर झाडी, तर लाल म्हणजे लाल का नाही? नकाशा काही बाबतींत खरं बोलतो आणि काही बाबतींत बिनदिक्कत थापा मारतो. कुठे कोणतं, ते ओळखण्याला आपण नकाशावाचन म्हणतो. मुलाला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

मग मुलांना हे झेपत नाही, असं म्हणायचं का? एक काळ असं जोरात म्हटलं गेलं. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांचा तीन डोंगरांचा प्रयोग शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासक्रमात असतो. टेबलावर तीन डोंगरांचा देखावा. एका बाजूला मूल, दुसऱ्या बाजूला बाहुली. बाहुलीला काय दिसत असेल, ते चित्रांतून निवडायचं. सात-आठ वर्षांखालची मुलं बहुधा स्वतःला दिसणारं चित्रच उचलत. निष्कर्ष असा निघाला की लहान मूल दुसऱ्याच्या जागेवरून पाहू शकत नाही. आणि दुसऱ्याच्या जागेवरून पाहता येत नसेल, तर आकाशातून खाली कसं पाहणार? १९४८ साली या प्रयोगाचं पुस्तक फ्रेंचमध्ये आलं आणि पुढची कितीतरी वर्षं नकाशा मुलांपासून दूर ठेवायला उत्तम सबब मिळाली.

नंतर ब्रिटनमध्ये मार्टिन ह्यूज यांनी डोंगर काढून टाकले आणि टेबलावर पोलीस आणला. एकमेकींना छेदणाऱ्या दोन भिंती, दोन बाजूंना पोलिसाच्या बाहुल्या, आणि एक मुलगा. मुलाला अशा कोपऱ्यात लपव की कुठल्याच पोलिसाला दिसता कामा नये. साडेतीन ते पाच वर्षांच्या पोरांनी हे दहापैकी नऊ वेळा अचूक केलं. पोलिसाला कुठून काय दिसतं याचा हिशेब तीच मुलं चोख करत होती. मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८च्या आपल्या पुस्तकात या दोन प्रयोगांतला फरक उलगडून दाखवला: डोंगरांच्या कामाला मुलाच्या दृष्टीनं काही कारणच नव्हतं. लपाछपी खेळलेल्या मुलाला लपण्याचं कारण सांगावं लागत नाही.

मला वाटतं, शिक्षकांसाठी साहित्य तयार करणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर हे दोन प्रयोग शेजारी शेजारी लावून ठेवावेत. सामाजिक शास्त्रांचे तक्ते, नकाशे, स्वाध्याय यांतले कितीतरी डोंगर आहेत. पोलीस फार थोड्यांत असतो. ‘तुमच्या शाळेचा आराखडा काढा’ हा डोंगर. ‘शाळेत चिंचोक्यांची थैली लपवली आहे, दुसऱ्या गटाला ती एक शब्दही न बोलता कागदावर दाखवा’ हा पोलीस. कौशल्य दोन्हींत तेच लागतं. दुसऱ्यात पोरं स्वतःहून भांडतात: अरे, पायऱ्या कुठल्या बाजूला दाखवल्यास? तीन का चार? हे झाड कुठलं, कडुलिंब की वड? कुठल्या झाडाला काय खूण करायची, हे ठरलं की झाली सूची तयार. सूची ही नकाशाच्या कोपऱ्यात छापलेली कंटाळवाणी चौकट असते, असा समज घेऊन आपण मोठे झालो. ती मुळात भांडण मिटवायचा करार आहे.

वरून पाहण्याची सवय मात्र लावावी लागते, आणि तिथे साहित्याची रचना फार बारकाईनं करावी लागते. सतरंजीवर एक डबा, एक पाण्याची बाटली, एक कंपासपेटी ठेवायची आणि मुलांना बाकावर चढवून सरळ खाली बघायला लावायचं. काढा आता जसं दिसतं तसं. बहुतेक मुलं बाटली उभी काढतात, मान आणि झाकणासकट. डोळ्यांना वर्तुळ दिसत असतं, पण हाताला बाटली माहीत असते. मग बाटली कागदावरच ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवायची आणि बाटली उचलायची. खाली उरतं नुसतं वर्तुळ. त्या क्षणी वर्गात गडबड होते. ‘ही बाटली?’ ‘मग डबा पण गोलच होणार!’ डबा गोल आणि बाटली गोल, मग कोणती कोण ते कसं ओळखायचं? इथे लिहून ठेवायची गरज पडते, आणि नावांसकटचा पहिला आराखडा तयार होतो. खर्च शून्य, वेळ अर्धा तास.

बाटली उभी काढणारं मूल चुकलं, असं मात्र लगेच ठरवू नये. वारली चित्रातला तारपा नाच आठवा. नाचणाऱ्यांची गोल गोल वळत गेलेली रांग आकाशातून पाहावी तशी काढलेली, आणि त्या रांगेतली माणसं मात्र समोरून किंवा बाजूनं, हातात हात घालून. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांपुढे जगभरातले रसिक थांबले, त्यांत कुणाला हे खटकलं नाही. जुन्या हिंदुस्थानी नकाशांतही वाट वरून आणि झाड समोरून, अशी सरमिसळ राजरोस दिसते. प्रत्येक वस्तू जिथून चांगली ओळखू येते तिथून काढायची, ही त्यामागची सरळ समजूत. सगळंच वरून, एकाच मापानं, ही शिस्त पुढे मोजणी खात्यांनी लादली. १७६७ साली सर्व्हे ऑफ इंडिया स्थापन झाला आणि साखळ्या, थिओडोलाइट घेऊन माणसं या देशात फिरली. महसूल आणि सैन्य यांना ती शिस्त हवी होती. तिसरीतलं मूल काही आठवड्यांत हे सगळं ओलांडतं!

बाटलीपासून जिल्ह्यापर्यंत किती पायऱ्या? दर पायरीला दहापट मागे जायचं ठरवलं तर फक्त पाच. दहास एक या मापात बाकावरचं सामान. शंभरास एक: आठ मीटरचा वर्ग आठ सेंटिमीटरांत. हजारास एक: शाळेचं मैदान आणि पलीकडची आळी. दहा हजारांस एक: गाव. लाखास एक: आसपासची गावं, बाजार, धरण. दहा लाखांस एक: जिल्हा. नेदरलँड्समधल्या बिल्टहोवेन गावात केस बूके नावाचे एक शिक्षक स्वतःची शाळा चालवत. पुढे राणी झालेली बेआट्रिक्स लहानपणी याच शाळेत होती. मुलांना आकारमानाची जाणीव यावी म्हणून त्यांनी शाळेच्या अंगणात मांजर घेऊन बसलेल्या एका मुलीचं वरून चित्र काढलं, आणि मग दर चित्रात दहापट मागे जात थेट विश्वाच्या काठापर्यंत उडी मारली. परत येऊन तसंच आत, अणूपर्यंत. चाळीस उड्यांचं हे पुस्तक १९५७ साली इंग्रजीत आलं, आणि त्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स यांनी केलेली ‘पॉवर्स ऑफ टेन’ ही फिल्म आज जगभरच्या विज्ञानकेंद्रांत दाखवतात. मुळात ते एका शिक्षकानं वर्गासाठी केलेलं साहित्य.

आपल्याकडे यातल्या मधल्या पायऱ्या गळतात. वर्गाचा आराखडा झाला, की दोन पानं उलटून जिल्हा. गाव आणि पंचक्रोशी वगळली जाते, आणि नेमकी तीच जागा मुलाला पाठ असते. ती भरून काढायचं सामान गावातच पडलेलं आहे. तलाठ्याकडचा गावनकाशा: गट नंबर, शीव, ओढा, पाणंद. भूमी अभिलेख खात्यानं हे नकाशे आता ऑनलाइनही टाकले आहेत. ज्या घरात बांधावरून दोन पिढ्यांचं भांडण आहे, त्या घरातल्या पोराला गट नंबर आणि सीमा यांचा अर्थ समजावून सांगायला पाठ लागत नाही.

दुसरं सामान शिक्षकाच्या खिशात असतं. १९७० च्या सुमारास जेम्स ब्लाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत आणि प्वेर्तो रिकोत, पहिलीच्या वयाच्या मुलांना विमानातून सरळ खाली रोखून काढलेले फोटो दाखवले. नकाशा न शिकलेल्या या मुलांनी घरं, रस्ते, झाडं ओळखली, फोटोवरून रेघा गिरवून स्वतःचा नकाशा केला आणि एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंतची वाटही आखून दाखवली. म्हणजे फोटो आधी, नकाशा मागून. तेव्हा असे फोटो मिळवायला खटपट लागे. आज मोबाइलवर गावाचं उपग्रहचित्र उघडा आणि गप्प बसा. पाच मिनिटांत पोरं पाण्याची टाकी शोधतात, मग शाळेचं पत्र्याचं छत, मग काळ्या ठिपक्यासारखी विहीर. ‘बाई, आमचा गोठा दिसतोय, पण बैल कुठंयत?’ हा प्रश्न आला की प्रमाण शिकवायला घ्यावं.

आता दिशा. इथे मला साहित्य बनवणाऱ्यांशी थोडं भांडायचं आहे. सकाळी सूर्याकडे तोंड करून उभे राहा. समोर पूर्व, मागे पश्चिम, डावीकडे उत्तर, उजवीकडे दक्षिण. पिढ्यान्पिढ्या हेच. शाळा उघडते जूनच्या मध्याला, आणि दिशांचा पाठ येतो सुरुवातीलाच. वर्षभरात सूर्य नेमका याच दिवसांत पूर्वेपासून सर्वांत लांब उगवतो. महाराष्ट्राच्या अक्षांशावर जूनमध्ये तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला सरकलेला असतो, काटकोनाच्या चौथ्या हिश्शाहूनही जास्त. त्याच्याकडे तोंड करून हात पसरलेली सगळी शाळा तेवढीच तिरकी उभी. त्याहून गंमत दुपारी. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यानं जूनमध्ये भर दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि सावली पडते दक्षिणेला. पुस्तकातल्या चित्रात हे कधी पाहिलंय? सूर्य खरोखर पूर्वेला उगवतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. एवढा एक पाठ घटस्थापनेच्या सुमाराला सरकवला तरी काम झालं. तोवर ढगही थोडे उघडतात.

त्याहून चांगला मार्ग आपल्याच घरात दोन हजार वर्षांहून जुना पडलेला आहे. कात्यायन शुल्बसूत्रात यज्ञवेदीसाठी पूर्व-पश्चिम रेषा काढायची रीत दिली आहे: सपाट जमिनीवर काठी रोवायची, तिच्याभोवती वर्तुळ आखायचं, सकाळी सावलीचं टोक वर्तुळावर येईल तिथे खुंटी, दुपारनंतर पुन्हा वर्तुळावर येईल तिथे दुसरी खुंटी, आणि दोन्ही जोडायच्या. ही रेषा कुठल्याही महिन्यात पूर्व-पश्चिमच येते. दोरी, काठी, दोन खिळे. मग त्या रेषेला धरून जिल्ह्याचा नकाशा जमिनीवर अंथरायचा, भिंतीवरून उतरवून. भिंतीवर टांगलेल्या नकाशामुळे मुलांच्या डोक्यात उत्तर म्हणजे छत आणि दक्षिण म्हणजे फरशी असं बसतं. नद्या ‘वरून खाली’ वाहतात म्हणजे दक्षिणेलाच जाणार, हेही. मग गोदावरी पूर्वेला कशी निघाली, आणि वैतरणा पश्चिमेला? नकाशा जमिनीवर आला की ‘नाशिक त्या लिंबाच्या दिशेला’ असं बोट दाखवता येतं.

या सगळ्यात खरा वाचक कोण, हे विसरलं की चांगलं साहित्यही कपाटात जातं. द्विशिक्षकी शाळा, चार वर्ग, एका बाईंकडे पहिली आणि तिसरी. पहिलीला अक्षरं गिरवायला बसवून त्यांना तिसरीकडे वीस मिनिटं मिळणार, त्यात केंद्रप्रमुखांचा फोन, माहिती भरायची लिंक. अशा बाईंना उद्दिष्टांची दोन पानं नकोत. तिसरीची पोरं त्यांच्याशिवाय वीस मिनिटं काय करत राहतील, हे हवं. आणि पोरं काय काय बोलतील, हे हवं. जपानी शिक्षक पाठ आखताना मुलांकडून येणारी संभाव्य उत्तरं, चुकीची धरून, आधीच लिहून काढतात. हस्तपुस्तिकेत तसा एक रकाना असावा: ‘मूल म्हणेल, उत्तर दिशा वर आकाशात. तेव्हा नकाशा खाली काढा.’ असं एक वाक्य मला पाच अध्ययन निष्पत्तींपेक्षा उपयोगी वाटतं.

सामान स्थानिक हवं, हेही कुणी नव्यानं सांगायला नको. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढलं. माँटेसोरीचं महागडं सामान आदिवासी पाड्यावर परवडणारं नव्हतं. त्यांनी बिया, शिंपले, खडे, पानं उचलली आणि त्यांतून तेच शिकवलं. मुलं गुरांमागे जात, म्हणून शाळाच कुरणात नेली. वय बालवाडीचं होतं, पण रीत तिसरीच्या नकाशालाही तंतोतंत लागू पडते.

आणि कोसबाडची टेकडी नकाशाबद्दल आणखी एक गोष्ट शिकवते. ताराबाईंच्या हयातीत ती ठाणे जिल्ह्यात होती. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि टेकडी जागची न हलता जिल्हा बदलून मोकळी झाली. राज्य झालं तेव्हा महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. डोंगर आणि नद्या ज्या पानावर छापल्या, त्याच पानावर त्याच शाईत जिल्ह्याची सीमा छापलेली असते. पण एक हलवायला युगं लागतात आणि दुसरी राजपत्रातल्या अधिसूचनेनं हलते. भूगोलाचं पान इथे नागरिकशास्त्राचं होतं आणि लगेच इतिहासाचंही.

त्यासाठी एकच गृहपाठ पुरतो: घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारा, तुम्ही जन्मलात तेव्हा हे गाव कुठल्या जिल्ह्यात होतं? हिंगोलीतली आजी परभणी म्हणेल, नंदुरबारची धुळे, वाशीमची अकोला, गडचिरोलीची चंद्रपूर. मराठवाड्यातले नव्वदीचे पणजोबा असतील तर ते निजामाचं राज्य सांगतील. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ते होतंच. आणि गोंदियाकडच्या एखाद्या गावात नव्वदीच्या पणजीबाई भेटल्या, तर वहीत एक ओळ पुरणार नाही. जन्म मध्यप्रांत व वऱ्हाडात. १९५० पासून मध्य प्रदेशात. १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात. १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. जिल्हा आधी भंडारा, १ मे १९९९ पासून गोंदिया. चार राज्यं, दोन जिल्हे, आणि पणजीबाईंनी ओसरी बदललेली नाही. दुसऱ्या दिवशी मुलं ही यादी घेऊन वर्गात येतात, तेव्हा ‘मग रेघ कोण काढतं?’ हा प्रश्न बाईंना विचारावा लागत नाही. तो मुलंच विचारतात, आणि त्याचं उत्तर चौथीच्या, सातवीच्या, दहावीच्या पुस्तकांत थोडं थोडं मिळत राहतं.